बाकाचं दुसरं टोक

रियाध, २९ जून २०१८

या सरकारने यंदा आमच्या घरातलं खातेवाटप बदललं. मला गाडी दिली आणि खुर्शीदचं दुकान काढून घेतलं. रविवारपासून बायकांना गाडी चालवायची परवानगी झाली. माझ्याकडे गावचं जुनं लायसन्स होतं, त्यामुळे चार खुंट्यांभोवती गाडी फिरवून दाखवल्यावर इथलंही मिळालं. भावाच्या मारुती व्हॅनवर शिकलेली विद्या इतक्या वर्षांनी फळाला आली. खुर्शीदचं मात्र उलट. मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बावीस वर्षं मॅनेजर, कुठल्या गाडीचा कुठला पार्ट कुठल्या खणात हे झोपेतही सांगतील. पण सात जानेवारीपासून तिथे सौदी माणूसच बसायला हवा. तोवर त्या सौदी माणसाला तयार करायचं कामही खुर्शीदनाच दिलं आहे. म्हणजे कबर आपली, आणि फावडंही घरचं.

(तोंडावर मी त्यांना ‘अवो’ म्हणते. डायरीत नाव लिहायला हरकत नाही, डायरी त्यांना वाचायची नाही.)

जानेवारीत गावी जायचं. दापोलीजवळ आमचं घर आहे, दोन मजली, गुलाबी. फक्त त्या घरात शिरायला वाट नाही. शेजारी माझ्या दिराचं, अलीचं घर, तेही दोन मजली, हिरवं. सहा वर्षांपूर्वी अलीने कंपाउंडची भिंत घातली ती नेमकी आमच्या वाटेवर. तेव्हापासून तालुक्याच्या कोर्टात वहिवाटीचा दावा चालू आहे. खुर्शीद रियाधला, अली जेद्दाला, दोन्ही घरांना कुलूप. चालायला कुणी नाही, पण चालायचा हक्क कुणाचा यावर तारखा पडतात. मागच्या सुट्टीत मी मागच्या बाजूचा गडगा ओलांडून स्वतःच्या घरात गेले. गडग्याचे दगड पडले आणि माझा गुडघा सुजला. आता जानेवारीपासून रोजच जावं-यावं लागणार आहे. या वयात रोज गडगा चढणं मला जमणार नाही, आणि तोवर दावा निकाली निघेल असं आमच्या वकिलालाही वाटत नाही.

अलीची बायको फरहाना. ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे, हे लिहून ठेवते. एकाच मांडवात आमचे निकाह झाले. सहा वर्षांत मी तिच्याशी एक शब्द बोललेले नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही.


६ जुलै

दुकानात आलेल्या सौदी माणसाचं नाव फहद. वय चोविशीचं, अत्तराचा वास पार्किंगपर्यंत, यायची वेळ अकराची. खुर्शीद त्याला ब्रेकपॅड दाखवतात आणि तो खुर्शीदना मोबाइलवर आपल्या आजोबांचे उंट दाखवतो. अशी ज्ञानाची देवाणघेवाण चालते.

याच फहदने आमच्या घरात नवं खूळ सोडलं. त्याचं मूळ गाव शक्रा. तिथे जुन्या काळी काझी ज्या घरात न्यायनिवाडा करायचा ते घर अजून उभं आहे म्हणे. झालं, खुर्शीदनी जेवताना जाहीर केलं की देश सोडण्याआधी इथल्या जुन्या कोर्टांचे फोटो काढायचे. इतर लोक जाताना सोनं नेतात, ब्लँकेटं नेतात, खजूर नेतात. आम्ही कोर्टं नेणार. आमचे सासरे तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होते आणि खुर्शीदचं बालपण कोर्टाच्या व्हरांड्यात गोट्या खेळण्यात गेलं. कोकणातला माणूस देवळात, मशिदीत एक वेळ जाणार नाही, पण कोर्टाची पायरी चढल्याशिवाय त्याला मोठं झाल्यासारखं वाटत नाही. तेव्हा वेड वंशपरंपरेचं आहे.

गाडी कोण चालवणार, असं मी विचारलं. कंबर धरते म्हणाले. म्हणजे मी.


१३ जुलै, शक्रा

बाहेर भट्टी पेटली होती, पण गाडी काय पळते. नाक्यावर पोलिसाने काच खाली करायला लावली आणि माझ्या पलीकडे बघत खुर्शीदकडे लायसन्स मागितलं. मी माझं पुढे केलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं, मग दुसऱ्या पोलिसाला हाक मारली, दोघांनी पाहिलं, दोघांनी ‘माशाल्लाह’ म्हटलं. मी शिकवायचे त्या शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हासुद्धा माझ्याकडे कुणी इतक्या आदराने पाहिलं नव्हतं.

कोर्ट म्हणजे मातीचं घर. ना व्हरांडा, ना पिंपळ, ना स्टॅम्पपेपरवाला, ना चहाची टपरी. कोकणी माणसाला असल्या ठिकाणी न्याय मिळेल असं वाटणार नाही. दाराबाहेर मातीचाच एक लांबट बाक. फहद आमच्याबरोबर आला होता. तो म्हणाला की वादी आणि प्रतिवादी दोघांनी याच बाकावर बसून काझीची वाट बघायची. मी विचारलं, दुसऱ्या पक्षाचा बाक कुठे? तो म्हणाला, दुसरा नव्हताच. त्याचे आजोबा सांगायचे की निम्मे खटले बाकावरच मिटत, काझी बाहेर येईपर्यंत लोक घरी गेलेले असत. मी म्हणाले, म्हणजे काझी उशिरा उठत असणार. फहद हसला. खुर्शीद हसले नाहीत.

मग फोटो. बाकाच्या एका टोकाला मला बसवलं, आकाराचा अंदाज यावा म्हणून. मी मधे सरकले तर म्हणाले, तिथेच बस, टोकाला. फोटो पाहिला. एका बाजूला मी, घामाघूम, आणि उरलेला सगळा बाक रिकामा. फोटोग्राफीतलं मला कळत नाही, पण चित्र एका अंगाला कलतंय एवढं कुणीही सांगेल.

आणि ज्यांची कंबर धरते ते गृहस्थ कोन साधण्यासाठी समोरच्या पडक्या भिंतीवर चढले होते.


१४ सप्टेंबर, दवादमी

या आठवड्यात मोटारी, कपडे आणि फर्निचरची दुकानं सौदी झाली. खुर्शीदच्या ओळखीचे तिघे सामान बांधतायत. आपला नंबर जानेवारीत आहे म्हणून आम्ही त्यांच्याकडे दवाखान्यातल्या रांगेत पाहतात तसं पाहतो.

आजचा मुक्काम शक्राच्या पुढे, त्याच रस्त्यावर. दवादमीला राजाचा जुना मातीचा महाल आहे. दरबार भरतो म्हणजे तेही कोर्टच, असा खुर्शीदचा युक्तिवाद. महाल बंद होता. मग यांनी कॅमेरा वळवला तो समोरच्या नव्या, चालू कोर्टाकडे. फाटकावरचा पहारेकरी धावत आला. सरकारी इमारतीचा फोटो काढायचा नसतो, हे बावीस वर्षं इथे राहिलेल्या माणसाला ठाऊक नसावं याचं मला नवल वाटलं.

पहारेकऱ्याने फोटो पुसायला लावला, कॅमेरा स्वतःकडे घेतला आणि विचारलं, इथे तुझा खटला आहे का?

“खटला आहे,” खुर्शीद म्हणाले, “पण हिंदुस्थानात.”

“कुणाशी?”

“भावाशी.”

“भाऊ तिकडे असतो?”

“नाही. जेद्दाला.”

पहारेकऱ्याने रस्त्याकडे पाहिलं. मग त्याने कॅमेरा परत दिला, हात लांब केला आणि म्हणाला, “जेद्दाचा रस्ता तो.”

बिचाऱ्याला वाटलं आम्ही जेद्दाला निघालो आहोत आणि चुकलो आहोत. दिवसभर उन्हात उभं राहून माणसाचं असंच होत असणार. परतीच्या वाटेवर मी हे सांगून हसत होते. खुर्शीद खिडकीबाहेर बघत होते. फोटो पुसावा लागला म्हणून रुसले असतील.

बाकाचा फोटो इथेही झाला. महालाच्या भिंतीला ओटा होता. मी टोकाला, बाकी रिकामं.


१२ ऑक्टोबर, अफीफ

शक्रा, दवादमी, अफीफ. या देशातली सगळी कोर्टं योगायोगाने एकाच रस्त्यावर आहेत. आमच्याकडे बरं, कोर्टं विखुरलेली.

अफीफला तर काहीच नव्हतं. जिथे जुनी कचेरी होती असं कुणीतरी सांगितलं होतं तिथे टायर पंक्चरचं दुकान. खुर्शीदनी एक दगड शोधला, मला त्यावर बसवलं आणि फोटो काढला. मी म्हणाले, हे काय कोर्ट? म्हणाले, बाक तर आहे.

संध्याकाळी पेट्रोल भरून झाल्यावर ते पंपाच्या कडेला रस्त्याच्या पाटीखाली उभे राहिले. ताइफ, मक्का, जेद्दा. आज सुट्टी आहेच, उद्याचीही काढतो, अजून थोडं पुढे जाऊ या का, असं विचारलं. मी सरळ नाही म्हणाले. ताइफच्या पुढे मक्का आणि मक्केच्या पुढे जेद्दा लागतं. मक्केपर्यंत आम्ही दर वर्षी उमऱ्याला जातोच. बसने जातो, सगळ्या जगासाठी दुआ मागतो, ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांनाही माफ करतो, आणि बसनेच परत येतो. जेद्दा तिथून तासाभरावर आहे म्हणून जायलाच हवं असा कुठे नियम नाही.

खुर्शीद गाडीत येऊन बसले. हा माणूस बोलत नाही, हीच तर अडचण. सहा वर्षांपूर्वीही असंच. फरहानाने मोबाइलवर भिंतीचा फोटो पाठवला, ‘बुबू, बघ भिंत किती छान झालीय.’ आमची वाट गिळून वर मोठ्या बहिणीलाच दाखवते. अली फोनवर म्हणत होता की गवंड्याने मोजणीत घोळ केला, सुट्टीत येऊन बघू. खुर्शीद म्हणाले, बघू. मी एवढंच म्हणाले की भाऊ तो भाऊ आणि कागद तो कागद. नोटीस वकिलाने पाठवली. मजकूर तेवढा मी लिहून दिला, कारण वकिलाच्या मराठीची लाज वाटत होती. दहा वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. ‘आपल्या बेकायदेशीर व उर्मट कृत्यामुळे’ हे शब्द माझे. आजही त्यात काना-मात्रा बदलायची गरज वाटत नाही.

दावा खुर्शीदनीच लावला. मी त्यात कुठे आहे?


२३ नोव्हेंबर

मधे बरेच दिवस काही लिहिण्यासारखं घडलं नाही. घड्याळं, चष्मे आणि टीव्हीची दुकानंही सौदी झाली. सामान विकायला काढलं. सोफा बघायला येणारे सगळे सोफ्यावर बसतात, चहा पितात आणि कळवतो म्हणून जातात.

फहद हल्ली खुर्शीदच्या आधी दुकानात येतो. अर्ध्या खणांची नावं त्याला पाठ झाली आहेत. खुर्शीदना त्याचा आनंद होतो, हे मला समजत नाही. काल त्याने आमच्यासाठी उंटिणीचं दूध पाठवलं. मी चहा करून पाहिला. फहदला सांगितलं, फार छान लागला.

पुण्याहून मेहेकचा फोन. माझी मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलते, मी तिच्याशी मराठीत, आणि दोघींना वाटतं की समोरचीला कळलं. म्हणाली, “मॉम, जाण्याआधी जेद्दाचा सी-फेस बघ ना, आकिब म्हणतो सुपर आहे.” आकिब म्हणजे फरहानाचा मुलगा. तो तुझ्याशी कधी बोलतो, असं विचारलं तर म्हणाली, “ऑलवेज, मॉम.” मुलांना खटल्याचं गांभीर्य नाही.

वकिलाचा निरोप आला. पुढची तारीख फेब्रुवारीत. तेव्हा आम्ही गावात असू, गडग्यावर.

काल मला स्वप्नात तो गडगा दिसला आणि मी मधेच अडकले होते. पलीकडून कुणीतरी हात देत होतं. हात कुणाचा ते दिसलं नाही. जेवणात वांगं जास्त झालं होतं.


२८ डिसेंबर, ताइफ

दुकानाचा निरोप झाला. मालकाने खुर्शीदना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला उद्यापासून कुठेही वेळेवर जायचं नाही त्याला घड्याळ देण्यात एक दूरदृष्टी असते.

शेवटचा प्रवास म्हणून ताइफपर्यंत यायला मी तयार झाले. शक्रा गेलं, दवादमी गेलं, अफीफ गेलं. प्रत्येक नाक्यावर खुर्शीद पाणी द्यायचे, काजू सोलून हातात ठेवायचे. एकदा म्हणाले, तू गाडी चालवतेस तेव्हा गाणं गुणगुणतेस. मी म्हणाले, मी काही गुणगुणत नाही. पुढचा तासभर तोंड मिटून चालवली आणि प्रवास फार लांब वाटला.

गावी गेल्यावर गाडी कुठे चालवणार मी? घरापर्यंत माणूस जात नाही तिथे गाडी काय जाणार. याचं मला आज फार वाईट वाटलं, एकदम, रस्त्यातच.

हॉटेलवर आल्यावर त्यांनी सांगितलं की शेवटचं कोर्ट ताइफला नाही, जेद्दाला आहे. बलदमध्ये, जुन्या गावात. मी म्हणाले, मी येणार नाही. बलद मोठं आहे, हजार गल्ल्या आहेत, कुणी भेटणार नाही, असं म्हणाले. मी म्हणाले, तरीही येणार नाही. तेव्हा ते पलंगाच्या काठावर बसले.

“सकिना, अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांडणाची समन्सं वाटली. मरताना मला म्हणाले, आपल्या दारावर कधी चिकटवायची वेळ आणू नको. अलीच्या दारावर मी चिकटवलं.”

एवढं लांब वाक्य या माणसाने निकाहानंतर पहिल्यांदा उच्चारलं असेल. मी दिवा मालवला. 


२९ डिसेंबर, जेद्दा

सकाळी मी परत रियाधला निघण्यासाठीच गाडीत बसले होते, पण ताइफचा घाट एकदा लागला की वळवायला जागा नाही. खाली माकडं, वर ढग, एकामागोमाग वळणं. आंबेनळी घाट चालवलेल्या बाईला हे काहीच नाही. खाली आल्यावर वळता आलं असतं, पण तोवर उशीर झाला होता.

बलदमध्ये गाडी लांब लावून चाललो. उंच घरं, लाकडी जाळीच्या खिडक्या, खाली दुकानांत तसबीच्या माळा आणि टोप्या. एका गल्लीत भिंतीला लागून लाकडी बाक होता, इतका उंच की बसल्यावर पाय लोंबायचे. खुर्शीद म्हणाले, इथे मोहल्ल्याचा उमदा बसायचा, म्हणजे मुखिया, आणि गल्लीतली भांडणं इथल्या इथे मिटवायचा. मी म्हणाले, हे शेवटचं. नेहमीप्रमाणे एका टोकाला चढून बसले. खुर्शीदनी कॅमेरा लावला, काढला, परत लावला. उजेड नीट नाही म्हणाले. इतक्या कोर्टांमधे कधी उजेडाची तक्रार नव्हती.

मग कोपऱ्यावरून अली आला. केस पांढरे झालेत, चालही त्यांच्या अब्बांसारखी झालीय. आणि त्याच्या मागे फरहाना, हातात थर्मास.

ती बाकाशी आली. बाक तिलाही उंच. चढताना तिने माझ्या खांद्यावर हात टेकला, लहानपणी आमच्या पडवीत चढायची तसाच.

“सरक गो बुबू.”

“तुझ्या बाजूला आहे की जागा,” मी म्हणाले.

सहा वर्षांनंतरची आमची पहिली वाक्यं ही. मी सरकले नाही, ती उठली नाही. समोर उमदा नव्हता, काझी नव्हता, तारीख देणारं कुणी नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि माझ्यासमोर धरला. आलं जास्त होतं. आमच्या अम्मीच्या चहात असायचं तसं. मला रडू आलं. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं असं लिहिणार होते, पण त्या गल्लीत ऊन नव्हतं.

“गाडी खरंच तू आणलीस? रियाधपासून?” तिने विचारलं.

“मग कोण आणणार? यांची कंबर धरते.”

ती खुर्शीदकडे बघून हसली. कशाला हसली कुणास ठाऊक.

खुर्शीदनी फोटो काढला. मग पाहिला. या वेळी चित्र कलत नाही. फरहाना चांगली जाड झालीय, मीही काही काडी राहिलेली नाही, त्यामुळे बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला आहे आणि मधे तसूभर जागा उरलेली नाही.

अलीचं गालिचे आणि जानमाझचं, म्हणजे नमाजाच्या चटयांचं, दुकानही सात तारखेलाच सौदी होतंय. सहा वर्षांत या दोन भावांचं कशावरही एकमत झालं नव्हतं, ते सौदी सरकारने एका फतव्यात करून दाखवलं. अली म्हणाला, भिंत पाडू या. फरहाना म्हणाली, पाडली तर बकऱ्या शिरतील, गेट बसवू या, गाडी जाईल एवढं. मी म्हणाले, चालेल, पण कडी कुणाच्या बाजूने? ती म्हणाली, आमच्या, भिंत आमची आहे. मी म्हणाले, वाट आमची आहे. दोघे भाऊ चहा घेऊन गल्लीच्या टोकाला निघून गेले आणि आम्ही दोघी दुपारच्या अजानपर्यंत त्या बाकावर भांडत बसलो.

ते दोघं नेमके त्याच गल्लीत कसे उगवले, हे मी कुणाला विचारलं नाही. पदरी पडलं आणि पवित्र झालं.


रियाध, ५ जानेवारी २०१९

सामान बांधून झालं. फहदने खुर्शीदना मिठी मारली आणि पुढच्या वर्षी कोकणात येतो म्हणाला. तिथलं कोर्ट बघायचंय त्याला. ये म्हणावं, मोठा व्हरांडा आहे, त्याचे आजोबा थक्क झाले असते.

खुर्शीदचं कोर्टांचं वेड जेद्दाला एकाएकी उतरलं. परत येताना ताइफला एक सुंदर जुनी कचेरी दिसली, मी स्वतःहून गाडी थांबवली, तर म्हणाले, राहू दे, चल. एवढी कोर्टं पालथी घालून हौस भागली म्हणायची. पुरुषांचे छंद असेच. गाडी मात्र येताना त्यांनी अर्धा रस्ता चालवली. कंबर बरी आहे म्हणाले.

दावा मागे घ्यायचा अर्ज मी लिहून वकिलाला पाठवला. जुन्या नोटिशीतलं वाक्य त्यात उतरवताना ‘उर्मट’ हा शब्द काढला. मराठीच्या दृष्टीने आवश्यक नव्हता.

कडीचं अजून ठरलेलं नाही. फरहाना रोज सकाळी फोन करते आणि आम्ही तासभर भांडतो. ती म्हणते, आमच्या बाजूने. मी म्हणते, आमच्या. काल दोन्हीकडून उघडणारी कडी मिळते असं अली मधेच म्हणाला, तर तिने त्याला गप्प केलं आणि मला ते पटलं.

आज दुपार झाली तरी तिचा फोन आला नाही. मग मीच लावला. कडीचं ठरायला नको का?